सिस्टरांच्या चौदा केसेस

सोनकांबळे सिस्टर कोणालाही पहिला प्रश्न एका शब्दात विचारत. "किती?"

अर्धापूर रस्त्यालगतच्या आमच्या घरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून कपाट उतरवून घेत होतो. कंपाउंडच्या भिंतीवरून एक पांढऱ्या केसांचे डोके वर आले आणि म्हणाले, "किती?"

"काय किती?"

"माणसं किती, कुत्री किती?"

"माणसं चार. कुत्रं नाही."

"मांजर?"

"नाही."

"मग जमतंय," असे म्हणून डोके खाली गेले. पुढची सहा वर्षे आमचे शेजारपण बहुतेक या भिंतीवरूनच चालले. भिंत साडेचार फूट आहे. सिस्टर चार फूट अकरा इंच होत्या, त्यामुळे मला त्यांचा चेहरा नाकापर्यंतच नीट माहीत होता.

त्या चौतीस वर्षे आरोग्य उपकेंद्रांवर सिस्टर होत्या, त्यातली एकोणीस बिलोली तालुक्यातल्या खेड्यांत. निवृत्तीनंतर त्यांनी नांदेडला हे दोन खोल्यांचे घर घेतले आणि मागच्या अंगणात चौदा कोंबड्या पाळल्या. खरे म्हणजे तेरा कोंबड्या आणि एक कोंबडा, पण त्या मोजताना भेद करत नसत. कोंबड्यांना नावे नव्हती. प्रत्येकीच्या पायाला दवाखान्यातली चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने नंबर. सकाळी सात वाजता त्या राउंड घेत. "चार नंबरच्या केसला जुलाब हायत," "नऊ नंबर खात न्हाई," असे त्या मोठ्याने बोलत. ऐकायला दुसरे कोणी नसल्यामुळे ते मला सांगितले जात आहे असे मी धरून चालत असे.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणांवरून रोज येणारे पाणीपातळीचे आकडे तपासून तक्त्यात भरणे हे माझे तेवीस वर्षांचे काम. आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसला की मला जेवण जात नाही. सिस्टरांचे आणि माझे जमले ते यामुळे, पण आकड्यांबद्दल आमचे एका बाबतीत मुळीच पटत नव्हते.

नोकरीत असताना बाळंतपण अडलेल्या बाईला त्या म्हणत, "झालंच बाई, आनखी दहा मिन्टं." मग सव्वादोन तास लागत. रजिस्टरमध्ये त्या सव्वादोन तासच लिहीत.

मी म्हणालो, "म्हणजे खोटं सांगत होता."

"तिला दोन तास हायत म्हणून सांगितलं असतं तर तिनं जोर सोडला असता. तोंडाचा आकडा माणसासाठी असतोय, भाऊ. रजिस्टरचा रजिस्टरसाठी. रजिस्टरात कधी खोटं लिहिलं न्हाई म्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला न्हाई जमायचं. तुमचं तोंडच रजिस्टर हाय."

मी ही स्तुती समजलो. घरी सांगितल्यावर सुनंदा, माझी बायको, म्हणाली की ती स्तुती नव्हती.

सिस्टरांचा मुलगा मिलिंद लातूरला शाळेत शिक्षक आहे. तो महिन्यातून एका रविवारी येई आणि प्रत्येक वेळी म्हणे, "आई, लातूरला चल." सिस्टर प्रत्येक वेळी म्हणत, "अन् हे चौदा जीव कोनाच्या भरवशावर टाकू?" लातूरच्या तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या चालत नव्हत्या. मिलिंद मला एकदा म्हणाला, "काका, आईला या घरात आम्ही नाही, कोंबड्यांनी धरून ठेवलंय." ते खरे होते, आणि सिस्टरांना ते तसेच हवे होते. कोंबड्या होत्या तोवर त्या कोणाच्या तरी कामाच्या होत्या. कोंबड्या संपल्या की मिलिंदला द्यायचे उत्तर संपत होते.

म्हणून गेल्या वर्षीच्या होळीनंतर कोंबड्यांनी एकमेकींची पिसे उपटायला सुरुवात केली, तेव्हा ती नुसती कोंबड्यांची भानगड नव्हती.

सुरुवात अकरा नंबरपासून झाली. तिच्या पाठीवर शेपटीच्या वर तळहाताएवढी जागा उघडी पडली आणि तिथून रक्त येऊ लागले. रक्त दिसले की बाकीच्या आणखी टोचतात. तीन नंबर आणि सहा नंबर आठवड्याच्या अंतराने मेल्या. सिस्टरांनी दोघींचे नंबर रद्द केले नाहीत. बिलोलीहून ओळखीच्या बाईकडून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मागवून त्यांना तेच नंबर दिले. मिलिंद आला तेव्हा चौदा भरल्या होत्या.

मी मदत करायची ठरवली. खुराड्यातली पडलेली पिसे रोज सकाळी ताटात गोळा करून मोजायची, असा माझा बेत होता. पहिल्या दिवशी एकसष्ट. दुसऱ्या दिवशी त्रेपन्न. आठव्या दिवशी चौदा. मी तक्ता भिंतीवरून दाखवला आणि रोग हटत चालला आहे असे जाहीर केले.

सिस्टरांनी तक्ता चष्मा लावून पाहिला. "भाऊ, पिसं कमी पडून न्हाई राहिली."

"हे काय, चौदा!"

"खाऊन राहिल्या त्या. आधी उपटत होत्या अन् टाकत होत्या. आता गिळू लागल्यात. तुमचा आकडा त्यांच्या पोटात हाय."

तेवीस वर्षांत माझा तक्ता कोणी असा परत केला नव्हता. मी तो फाडला नाही, त्यावर 'अग्राह्य' लिहून ठेवून दिला.

सिस्टरांनी अकरा नंबरला बांबूच्या डालग्याखाली वेगळे ठेवले आणि जखमेवर दवाखान्यातले जांभळे औषध लावले. त्याने लाल रंग झाकला जातो. पाचव्या दिवशी जखम सुकली म्हणून तिला बाकीच्यांत सोडले, तर सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या आणि त्या जांभळ्या ठिपक्यालाच टोचू लागल्या. सिस्टर भिंतीला टेकून पाच मिनिटे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दुकानातून जांभळ्या औषधाच्या बाटल्या आना. असतील तेवढ्या."

"कशाला?"

"सगळ्यांना लावायचंय."

"बाकीच्यांना जखमा नाहीत."

"म्हणूनच. एकीलाच रंगवलं की ती येगळी दिसती. येगळ्याला टोचतेत. कोंबडी काय अन् गाव काय."

त्या रविवारी नऊ ते अकरा आम्ही कोंबड्यासकट चौदा जणांना जांभळे केले. मी धरत होतो, त्या कापसाने रंगवत होत्या. त्या वेळी त्यांनी पहिल्या गावची गोष्ट सांगितली. तिथे गेल्यावर उपकेंद्रात त्यांच्यासाठी पाण्याचा वेगळा माठ ठेवण्यात आला. कोणी काही बोलले नाही, फक्त माठ आणून ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून जो गोळी घ्यायला येईल त्याला त्या स्वतःच्या माठातून पेला भरून देत. "ही गोळी हितंच माझ्यापुढं गिळायची. घरी नेली तर गुण येत न्हाई."

"मग?"

"मग काय. पावसाळ्यात तापाची साथ आली. दोन महिन्यांत सरपंचासकट सगळं गाव त्या माठातलं पिऊन बसलं. मग दुसरा माठ कशाला ठेवायचा? पाणी भरायचा तरास." त्यांनी कोंबड्याची मान वळवून दुसरी बाजू रंगवली. "हात धरा नीट. हा लई लाथाडतोय."

माझा डावा हात आठ दिवस जांभळा राहिला. कार्यालयात विचारले तेव्हा मी कोंबड्या रंगवल्याचे सांगितले. दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला मात्र थांबून फाटकातून विचारत होता, "मावशी, ह्या कोणत्या जातीच्या?"

"सरकारी," सिस्टर म्हणाल्या.

तीन दिवस शांततेत गेले. चौथ्या दिवशी पुन्हा टोचाटोची सुरू झाली. आता पुढारपण सात नंबरकडे होते. तिचे एकही पीस गेलेले नव्हते आणि ती पाहिजे तिला जाऊन टोचत होती. सिस्टर म्हणाल्या, "हिची बदली करावी लागती."

"कुठे?"

"तुमच्याकडं. पंधरा दिवस. ही न्हाई म्हटल्यावर बाकीच्या आपसात जागा ठरवतेत. परत आली की हिला शेवटून सुरुवात करावी लागती. आमच्या खात्यात बी असंच व्हायचं."

आमच्या घरात अंडे शिजत नाही. सुनंदाला मी 'प्रतिनियुक्ती' हा शब्द वापरून समजावून सांगितले. ती म्हणाली, "शब्द कोणताही वापरा, ती अंगणात राहील." सात नंबर आमच्या अंगणात पंधरा दिवस राहिली. सहाव्या दिवशी तिने माझ्या स्कूटरखाली अंडे घातले. सुनंदाने ते वाटीत ठेवले, वाटीवर रुमाल टाकला आणि एखाद्याचे विसरलेले पाकीट परत करावे तशी भिंतीवरून सिस्टरांना दिली. बाराव्या दिवशी मी सुनंदाला सात नंबरशी बोलताना ऐकले. माझ्या लक्षात आले नाही असे मी दाखवले.

बदलीचा उपयोग झाला, पण अर्धाच. सात नंबर परत गेल्यावर मान खाली घालून राहू लागली. टोचणे मात्र थांबले नाही. काही दिवशी ते फार होते आणि काही दिवशी थोडे. हे मला खटकत होते. आता मी पिसे मोजत नव्हतो. सकाळी साडेसातला घड्याळ लावून दहा मिनिटांत किती टोचे पडतात ते भिंतीवरून मोजत होतो. पिसे गिळता येतात, टोचे गिळता येत नाहीत. शिवाय पाणीपातळीच्या तक्त्यात 'हवामान' असा रकाना असतो तसा मी दिसेल ते लिहीत गेलो: ऊन, ढग, खाद्य काय, दार उघडे की बंद.

छत्तीस दिवसांनी मी रकाने एकमेकांशी लावून पाहिले. खाद्याचा संबंध थोडा होता. उन्हाचा त्याहून थोडा. दाराचा मात्र सरळ होता. खुराड्याचे दार उघडे आणि कोंबड्या अंगणात, असे पंधरा दिवस. सरासरी नऊ टोचे. दार बंद आणि चौदा जणी चार बाय सहाच्या खुराड्यात, असे एकवीस दिवस. सरासरी चोवीस टोचे.

तक्ता घेऊन मी भिंतीशी गेलो. मला आनंद झाला होता हे कबूल केले पाहिजे. मी म्हणालो, "सिस्टर, सापडलं! दार बंद असलं की टोचतात. आपण रोज दार उघडायचं, बस."

त्यांनी तक्ता हातात घेतला नाही. "म्हाईत हाय मला."

"मग बंद का ठेवता?"

त्यांनी खाली कडीकडे पाहिले. मी भिंतीपलीकडे वाकून पहिल्यांदाच नीट पाहिले. खुराड्याची कडी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. मुंगूस उचकटते म्हणून त्यांनीच ती खाली बसवून घेतली होती. कडीजवळ एक स्टूल होते आणि स्टुलाला टेकवलेली काठी. सिस्टरांनी साडी सावरली, पण दोन्ही गुडघे पायलीएवढे सुजलेले मी पाहिले होते.

"ज्या दिशी वाकता येतंय त्या दिशी काढते," त्या म्हणाल्या. "ज्या दिशी न्हाई त्या दिशी जाळीतून दाणे टाकते. तुम्ही ते बी लिहून ठेवलं व्हय? तारीखवार?"

मी होय म्हणालो. तो रकाना म्हणजे त्यांच्या गुडघ्यांचा केसपेपर होता आणि तो मी त्यांना न विचारता छत्तीस दिवस भरत होतो.

"मिलिंदला दाखवू नका," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितले ते एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून सात वाजता कडी मी काढू लागलो आणि संध्याकाळी लावू लागलो. टोचायची सवय दार उघडल्याबरोबर सुटत नाही. म्हणून सिस्टर स्टुलावर बसून सूचना देत आणि मी करीत असे. मेथीची जुडी दोरीने अशी टांगायची की कोंबडीला उडी मारावी लागेल. राख आणि माती मिसळून अंघोळीला खड्डा करायचा. ज्वारी ताटात न देता पाचोळ्यात फेकायची. शेंगदाण्याची पेंड वाढवायची. "रिकामी चोच दुसऱ्याच्या पाठीवर जाती, भाऊ. तिला काम द्या." पोळ्यापर्यंत टोचे सहावर आले. अकरा नंबरच्या पाठीवर नवी पिसे फुटली. ती आधी जांभळट आली, मग तांबडी झाली.

मला वाटले, प्रश्न सुटला. दिवाळीत मिलिंद आला, त्याने नेहमीप्रमाणे "आई, चल" म्हटले आणि सिस्टर म्हणाल्या, "हाव. येते."

मिलिंदचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. मी म्हणालो, "सिस्टर, आता तर सगळं ठीक झालंय. कडी मी काढतोच आहे."

"म्हणूनच. जिला कडी काढता येत न्हाई तिनं जीव कोंडू नये. चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. आता तुम्ही काढून राहिलात म्हंजी कोंबड्या तुमच्याच झाल्या की. माझं नाव नुसतं पाटीवर." मग सुनंदाला म्हणाल्या, "तू काय म्हणतीस?"

सुनंदा म्हणाली, "अंडी स्वयंपाकघरात येणार नाहीत. आणि सात नंबरला मी बघीन."

अशा रीतीने आम्ही चौदा कोंबड्यांचे मालक झालो. अंडी कोणाला द्यायची हे लातूरहून ठरू लागले. गल्लीत कोण बाळंत झाली आणि कोणाला अशक्तपणा आहे हे सिस्टरांना तिसऱ्या मजल्यावर बसून आमच्याआधी कळत असे.

रोज पावणेआठला त्यांचा फोन येई. "आज किती?"

मी टोच्यांचा आकडा सांगे. पाच म्हटले की त्या विचारत, कोणी कोणाला, मान की पाठ, जुडी टांगली का, राख ओली झाली का. मग औषध सांगत, मग भोकरकडच्या एखाद्या बाईचे बाळंतपण सांगत. आकडा हळूहळू कमी होत गेला. संक्रांतीनंतर शून्य आला आणि शून्यच राहिला.

"आज किती?"

"शून्य."

"बरं."

फोनवर बोलण्याचा वेळ दिसतो. पाच टोच्यांच्या दिवशी सहा मिनिटे चाळीस सेकंद. दोन टोच्यांच्या दिवशी तीन मिनिटे. शून्याच्या दिवशी नऊ सेकंद. ओळीने सोळा दिवस नऊ-दहा सेकंद भरले. सतराव्या दिवशी त्यांनी "आज किती?" विचारले तेव्हा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला. मी कोंबड्यांकडे पाहिले. चौदाही जणी राखेत निवांत लोळत होत्या.

मी म्हणालो, "तीन."

"तीन? कोन?"

"सात नंबर."

"मला वाटलंच व्हतं! तिची जात म्हाईत हाय मला. ऐका आता..." त्या दिवशी पाच मिनिटे बावन्न सेकंद.

रजिस्टरमध्ये मी शून्य लिहिले. पुढेही तसेच चालू ठेवले. तोंडाने कधी दोन, कधी तीन, रविवारी चार. सात नंबरवर अन्याय होतो म्हणून अधूनमधून नऊ नंबरचे नाव घेत असे. सुनंदा म्हणे, "बिचारीला बदनाम करताय." पण ती मध्ये बोलत नसे.

यंदा श्रावणात एका सकाळी फोन आला नाही. दुपारी मिलिंदचा आला. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असे त्याने सांगितले. हा तोंडाचा आकडा आहे की रजिस्टरचा, हे मी विचारले नाही.

महिनाभराने तो नांदेडचे घर आवरायला आला आणि भिंतीवरून मला एक वही दिली. "आईनं सांगून ठेवलं होतं, ही भाऊला द्यायची."

लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरची कोरी राहिलेली पाने होती. पट्टीने रकाने आखलेले: तारीख, भाऊ म्हणाले, खरे, शेरा. सुरुवातीची पाने मी सांगितलेल्या आकड्यांची. दोन्ही रकाने सारखे. मग सोळा दिवस शून्य, शून्य. सतराव्या दिवशी 'भाऊ म्हणाले' खाली तीन होते. 'खरे' खाली शून्य. आणि शेऱ्यात, कोंबड्यांच्या पट्ट्यांवर त्या नंबर लिहायच्या त्याच ठसठशीत अक्षरात, एकच शब्द: जमलं.

त्यापुढे शेवटच्या दिवसापर्यंत शेरा कोरा होता. दोन, तीन, चार. आणि त्यासमोर शून्य, शून्य, शून्य. एका दिवशी मात्र 'खरे' खाली अकरा लिहिले होते. त्या दिवशी पाइप फुटून राखेचा खड्डा पाण्याने भरला होता, नऊ नंबरला रक्त आले होते आणि टोचे मोजून होताच त्यांच्या फोनची वाट न बघता मीच फोन केला होता.

संध्याकाळी कोंबड्या आत घेऊन मी कडी लावली आणि दोन्ही रजिस्टरे शेजारी ठेवून माझ्या पद्धतीने ताडून पाहिली. सतराव्या दिवसापासून एकशे ब्याण्णव दिवस. त्यांचा 'खरे' रकाना आणि माझा. एकाही दिवसाचा फरक निघाला नाही.